युद्धानंतरची अमेरिका, तिथल्या बायका आणि घरसंसार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इतिहासावर काहीही लिहिलं की सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते १९५०च्या दशकातल्या हाऊसवाईफवर. घेरदार फ्रॉक, ओव्हनमधून निघणारा केक, दारात नवऱ्याची वाट बघत उभी असलेली हसरी बाई, हे चित्र प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं आणि मग लोक विचारतात की हे खरंच असं होतं का. माझं छोटं उत्तर असं की होतं, पण थोड्या लोकांसाठी, थोडी वर्षं, आणि सरकारने त्यामागे भरपूर पैसा ओतला म्हणून. लांब उत्तर खाली आहे. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर, आणि कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल.

१. 'युद्धोत्तर' म्हणजे नेमकी कुठली वर्षं धरायची?

१९४५ ला दुसरं महायुद्ध संपलं तिथून साधारण १९६४ पर्यंत. बेबी बूम, म्हणजे युद्धानंतर आलेली बाळांच्या जन्माची लाट, १९६४ ला ओसरला असं मानतात आणि नोकरीत बाई-पुरुष भेद करायला बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षी आला, म्हणून ते सोयीचं पडतं. पण संसाराचे कायदे फार हळू बदलले, त्यामुळे काही उत्तरं १९७०-८० पर्यंत जातात, तिथे गोंधळू नका.

२. युद्धात बायका फॅक्टरीत कामाला होत्या ना? मग युद्ध संपल्यावर आपणहून घरी परतल्या का?

आपणहून म्हणणं धाडसाचं आहे. १९४० साली अमेरिकेत साधारण १ कोटी २० लाख बायका कमावत होत्या, युद्ध ऐन भरात असताना हा आकडा १ कोटी ८० लाखांच्या पुढे गेला, आणि वेल्डिंग, रिव्हेटिंग, विमानाचे पंख जोडणं अशी आधी कधी बायकांना न मिळालेली कामं त्या करायला लागल्या. सरकारच्याच विमेन्स ब्युरोने युद्ध संपता संपता विचारलं की पुढे काम करायचंय का, तर चारातल्या तीन जणी हो म्हणाल्या.

मग झालं काय की लष्करी ऑर्डरी रातोरात बंद झाल्या, जहाजाचे यार्ड आणि विमानाचे कारखाने माणसं कमी करायला लागले. शिवाय सैन्यातून परतलेल्या माणसाला त्याची जुनी नोकरी परत द्यायची असा कायदा १९४० पासून होताच. पहिली कुऱ्हाड कुणावर पडणार हे सांगायला नको. पण यातल्या बऱ्याच जणी घरी न बसता ऑफिसात टायपिंगला, दुकानात काउंटरवर, हॉटेलात वाढायला लागल्या, आणि पगार आधीपेक्षा कमी. म्हणजे गेली ती चांगल्या पगाराची नोकरी, नोकरीची गरज तशीच राहिली. पुढचं प्रश्न ८ मध्ये.

३. दंड दाखवणाऱ्या, डोक्याला लाल रुमाल बांधलेल्या बाईच्या पोस्टरमुळे बायका कामावर आल्या का?

नाही हो. ते पोस्टर १९४३ साली जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराने वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी काढलं, कंपनीच्या कारखान्यांत दोन आठवडे लागलं आणि उतरलं. तिथे आधीच कामाला असलेल्यांचा हुरूप टिकावा एवढाच उद्देश होता, बाहेरच्या लोकांनी ते पाहिलंच नाही. १९८०च्या दशकात ते पुन्हा सापडलं आणि मग मगांवर, टीशर्टांवर आलं. युद्धकाळात घराघरात पोचलेलं चित्र वेगळं आहे, नॉर्मन रॉकवेलने मे १९४३ मध्ये एका साप्ताहिकाच्या कव्हरसाठी काढलेलं, त्यातली बाई चांगली धिप्पाड आहे आणि मांडीवर रिव्हेट मशीन ठेवून सँडविच खातेय.

४. सगळे एकदम लग्न आणि मुलांच्या मागे का लागले?

आधी दहा वर्षं मंदी, मग युद्ध. म्हणजे पंधरा वर्षं लोकांनी लग्नं आणि मुलं पुढे ढकलली होती. युद्ध संपलं तेव्हा हातात नोकऱ्या होत्या, पगार वाढत होते, आणि १९४४ च्या जीआय बिलाखाली परतलेल्या सैनिकांना कॉलेजची फी, वर खर्चाला पैसे आणि घरासाठी स्वस्त लोन. मग थांबतंय कोण!

१९५६ साली मुलींचं पहिल्या लग्नाचं मध्यम वय २०.१ वर आलं होतं, म्हणजे लग्न करणाऱ्या निम्म्या मुली जेमतेम विशीच्या किंवा त्याच्याही आतल्या. १९५७ मध्ये एका वर्षात ४३ लाख बाळं जन्मली आणि सरासरी बाईमागे पावणेचारच्या आसपास मुलं असा दर होता.

इथे एक गोष्ट लोक हमखास उलटी समजतात. हे 'जुन्या वळणाचं' कुटुंब अजिबात नव्हतं. १८९० साली अमेरिकन मुलीचं लग्नाचं मध्यम वय २२ होतं, आणि तिथला जन्मदर अख्ख्या एकोणिसाव्या शतकात घसरतच आला होता. म्हणजे या पोरींनी आपल्या आज्यांपेक्षा लवकर लग्नं केली. तो काळ एक उंचवटा आहे, मागेही तसं नव्हतं आणि पुढेही राहिलं नाही. 'पारंपरिक अमेरिकन कुटुंब' म्हणून जे कुणी त्याच्याकडे बोट दाखवतं त्याला हे दोन आकडे दाखवा.

५. लेव्हिटटाऊन हा काय प्रकार आहे, सगळ्या पुस्तकांत का येतो?

कारण तो नमुना झाला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथे १९४७ पासून लेव्हिट कंपनीने एकाच साच्यातली घरं उभी करायला सुरुवात केली आणि १९५१ पर्यंत १७,००० हून जास्त बांधली. सुरुवातीची घरं साधारण ७५० चौरस फुटांची, दोन बेडरूम, वर माळा, पुढेमागे हिरवळ. १९४९ च्या मॉडेलची किंमत ७,९९० डॉलर, त्यात बेंडिक्सचं वॉशिंग मशीन आलं. सैनिकाला डाउन पेमेंट नाही, हप्ता शहरातल्या भाड्यापेक्षा कमी. १९४० मध्ये देशातली साधारण ४४ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहायची, १९६० ला ६२ टक्के झाली, त्यामागे असल्या वसाहती आणि असली लोनं.

आता बाईच्या नजरेतून बघा. नवरा सकाळी गाडी घेऊन किंवा लोकलने शहरात गेला की दिवसभर वसाहतीत बायका आणि पोरंच उरली. सासू नाही, आई नाही, बहीण दोन तासांवर. गाडी एकच असेल तर ती नवऱ्याबरोबर गेली. काही बायकांना हा तुरुंग वाटला, काहींना खोलीभर घरातून सुटका वाटली कारण युद्धानंतर घरांची इतकी टंचाई होती की नवी जोडपी आईबापांकडे दाटीवाटीने राहत होती. दोन्ही खरं आहे, एकच धरू नका. आणि शेजारणींचं जाळंही पटकन तयार झालं, एकीने पोरं सांभाळायची, दुसरीने बाजार करायचा.

करारपत्रात नियम होते. हिरवळ नियमित कापायची, धुणं कुठे आणि कधी वाळत घालायचं ते ठरलेलं. आणि सगळ्यात वाईट कलम असं की घरात गोऱ्या वंशाशिवाय कुणी राहायचं नाही, *पण* गोरी नसलेली मोलकरीण ठेवायला हरकत नाही. हे एक कलम लक्षात ठेवा, प्रश्न ११ ला लागणार आहे. असे करार कोर्टातून बजावता येणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये सांगितलं, तरी कंपनीने काळ्या कुटुंबांना घरं विकली नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये १९५७ साली पहिलं काळं कुटुंब राहायला आलं ते एका गोऱ्या मालकाकडून घर विकत घेऊन, तर घरासमोर जमाव जमला, दगड पडले, आणि राज्याचे पोलिस बोलवावे लागले.

६. वॉशिंग मशीन, फ्रीज, व्हॅक्युम क्लीनर सगळं आलं, मग बाईचं काम कमी झालं असेल ना?

सगळ्यांना असंच वाटतं. वेळेच्या नोंदींचे अभ्यास झालेत त्यात दिसतं की १९२०च्या दशकात पूर्णवेळ गृहिणी आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करायची आणि १९६०च्या दशकात साधारण ५५. घ्या!

कारणं शोधायला लांब जायला नको. पूर्वी मध्यमवर्गीय घरात चादरी लाँड्रीत जायच्या किंवा धुणंवाली यायची, किराणा आणि दूध घरपोच यायचं, डॉक्टर घरी यायचा. मशीन आल्यावर धुणंवाली गेली आणि कपडे आठवड्याऐवजी रोज बदलायला लागले. सबर्बमध्ये, म्हणजे शहराबाहेरच्या असल्या वसाहतींत, सुपरमार्केट गाडीने गाठायचं, मुलांना शाळा, दाताचा डॉक्टर, पियानो क्लास इथे पोचवायचं, म्हणजे पूर्वी दुसऱ्यांनी केलेली ने-आण आता घरच्या बाईच्या डोक्यावर. कामातलं अंगमेहनतीचं ओझं नक्की कमी झालं, उकळत्या पाण्यात कपडे बडवणं संपलं, याला कमी लेखू नका. पण स्वच्छतेचं मोजमाप मशीनबरोबर वर सरकत गेलं.

७. केक मिक्समधून अंड्याची पावडर काढून टाकली कारण बायकांना अपराधी वाटत होतं, हे खरं का?

मार्केटिंगच्या प्रत्येक कोर्समध्ये सांगतात ती गोष्ट. नुसतं पाणी घालून केक व्हायचा तर बायका घेईनात, मग मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट डिश्टरने सांगितलं की तिला अंडं फोडू द्या, आणि विक्री वाढली. डिश्टर होता आणि त्याने हा सल्लाही दिला. पण ताजं अंडं घालायचं मिक्स त्याच्या आधी, १९३०च्या दशकातच डफ नावाच्या कंपनीने काढलं होतं. आणि ताज्या अंड्याचा केक चवीलाही बरा होतो, अंड्याच्या पावडरीचा वास येतो. बायकांनी चव बघून घेतलं असेल ही शक्यता गोष्ट सांगणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही.

८. म्हणजे सगळ्या बायका घरीच होत्या ना?

नाही, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जाहिरातीत बाई किचनमध्ये दिसत होती त्याच वर्षांत नोकरी करणाऱ्या लग्न झालेल्या बायका वाढत होत्या. १९४० मध्ये लग्न झालेल्यांपैकी साधारण १५ टक्के बाहेर काम करायच्या, १९६० पर्यंत ३० टक्के, म्हणजे दुप्पट. ठराविक बाई चाळिशीची, धाकटं पोर शाळेत जायला लागलेलं, आणि ती एखाद्या इन्शुरन्स कंपनीत फाइलिंगला किंवा शाळेत शिकवायला. पैसे कशाला? दुसरी गाडी, घराचा हप्ता, पोराचं कॉलेज. सबर्बचा संसार एका पगारात भागत नव्हता ही त्यातली गंमत.

पण नोकऱ्या ठरलेल्या. पेपरात 'पुरुष पाहिजेत' आणि 'महिला पाहिजेत' अशा नोकरीच्या जाहिराती वेगवेगळ्या कॉलमात छापायचे. एअर होस्टेसला लग्न केलं की राजीनामा, काही विमान कंपन्यांत वयाची बत्तिशी ओलांडली तरी राजीनामा. पगाराचं म्हणाल तर १९६३ मध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्या बाईला पुरुषाच्या एका डॉलरमागे साधारण ५९ सेंट पडत होते. त्याच वर्षी केनेडींनी समान पगाराच्या कायद्यावर सही केली, पण समान काम असेल तर समान पगार असा तो कायदा, आणि काम मुळात समान मिळतंच नव्हतं.

९. मग नोकरी करणाऱ्या बाईचं मूल कोण सांभाळायचं?

आजी, शेजारीण, मोठी मुलगी, किंवा गळ्यात किल्ली अडकवून पोर एकटंच. वाईट याचं वाटतं की करून दाखवलेलं होतं. युद्धात लॅनहॅम कायद्याच्या पैशातून ३,००० हून जास्त पाळणाघरं चालली. ओरेगनमध्ये पोर्टलंडला कैझर कंपनीच्या जहाज यार्डाच्या दारातच पाळणाघर होतं, चोवीस तास उघडं, आत नर्स, आणि शिफ्ट संपवून मूल न्यायला आलेली आई तिथूनच तयार जेवणही विकत घेऊन जाऊ शकायची. आजच्या कुठल्या कंपनीत हे आहे सांगा! युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये केंद्राचा पैसा बंद. कॅलिफोर्नियात आयांनी आरडाओरडा केला म्हणून तिथल्या राज्य सरकारने पाळणाघरं चालू ठेवली, बाकी बहुतेक ठिकाणी कुलपं लागली.

पुढे १९५४ च्या इन्कम टॅक्स कायद्यात मुलांच्या सांभाळाच्या खर्चाला ६०० डॉलरपर्यंत वजावट दिली, पण नवराबायकोचं मिळून उत्पन्न ४,५०० डॉलरच्या वर गेलं की ती कमी कमी होत संपायची. म्हणजे गरजेपोटी काम करत असशील तर ठीक, हौसेने करत असशील तर तुझं तू बघ असा सूर.

१०. शिकलेल्या मुलींचं काय झालं? कॉलेजात तर जात होत्या ना?

जात होत्या, आणि बऱ्याच जणी लग्न ठरलं की मधेच सोडत होत्या. जीआय बिलामुळे कॉलेजं परतलेल्या सैनिकांनी भरली, मुलींच्या वाट्याला जागा कमी आल्या, आणि सैनिकाशी लग्न केलेली बायको टायपिंग करून त्याचं शिक्षण पुरं करत होती. १९५५ साली मुलींच्या स्मिथ कॉलेजच्या पदवीदानाला अॅडलाय स्टीव्हन्सन आले होते, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, पुरोगामी गृहस्थ. देशातल्या सगळ्यात हुशार मुली समोर बसलेल्या आणि ते सांगतायत की बायको आणि आई म्हणून नवऱ्याला, मुलांना घडवणं हेच तुमचं देशकार्य.

सँड्रा डे ओकॉनर १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून वरच्या नंबराने वकील झाली, मोठ्या लॉ फर्मने विचारलं की टायपिंग कसं आहे, आणि नोकरी देऊ केली ती लीगल सेक्रेटरीची. शेवटी कॅलिफोर्नियात एका काउंटीच्या सरकारी वकिलाकडे सुरुवातीला बिनपगारी राहिली. १९८१ ला हीच सुप्रीम कोर्टाची पहिली महिला न्यायाधीश. रूथ बेडर गिन्सबर्ग १९५६ मध्ये हार्वर्ड लॉला गेली तेव्हा वर्गात पाचशेच्या वर मुलं आणि नऊ मुली. डीनने नवीन मुलींना जेवायला बोलवून प्रत्येकीला विचारलं की एका पुरुषाची जागा अडवून इथे का आलीस. घरी तिची तान्ही मुलगी होती.

११. काळ्या बायकांचं आयुष्यही असंच होतं का?

जवळजवळ उलटं. गोऱ्या बाईला 'घरीच राहा' सांगितलं जात होतं त्याच काळात काळ्या बाईने घरी राहणं कुणाला मान्यच नव्हतं, तिने दुसऱ्याच्या घरी राबायचं. १९४० मध्ये कमावत्या काळ्या बायकांपैकी साधारण ६० टक्के धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशा घरकामात होत्या. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळलेले, म्हणजे म्हातारपणी पेन्शन नाही. १९५० मध्ये दुरुस्ती झाली पण नेमाने एका घरी काम करणाऱ्यांपुरती.

आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं ते जीआय बिल? कागदावर सगळ्यांना होतं, लोन मात्र स्थानिक बँक देणार. मिसिसिपीत १९४७ मध्ये घर, धंदा, शेती मिळून ३,२२९ लोनं दिली गेली, त्यातली काळ्या सैनिकांना दोन. दोनशे नव्हे, दोन.

पण या बायकांना बिचाऱ्या म्हणून सोडून देऊ नका. डिसेंबर १९५५ ला अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत बसमधली जागा गोऱ्याला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या काळ्या बाईला अटक झाली त्या रात्री कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अॅन रॉबिन्सनने बसवर बहिष्कार घालायची हजारो पत्रकं कॉलेजच्या मशीनवर काढून सकाळी वाटायला पाठवली, तिची काळ्या बायकांची संघटना आधीपासून याच्या तयारीत होती. पुढचे ३८१ दिवस बहिष्कार चालला तो बसमध्ये सगळ्यात जास्त बसणाऱ्यांच्या जोरावर, आणि त्या होत्या मोलकरणी. कित्येक मैल चालत कामावर. शहरातल्या गोऱ्या गृहिणींना घरकाम आवरेना, त्या गुपचूप गाडी घेऊन मोलकरणीला आणायला जायला लागल्या. मेयरने त्यांना जाहीरपणे सांगितलं की बाई गं, हे बंद करा, तुम्हीच बहिष्काराला मदत करताय. त्यांनी ऐकलं नाही.

१२. टपरवेअर पार्टी म्हणजे नुसता टाइमपास होता का?

बिझनेस होता, आणि चांगला मोठा. अर्ल टपरचे डबे दुकानात पडून होते कारण झाकण कसं लावायचं ते कुणाला कळत नव्हतं, ते हातात घेऊन दाखवावं लागायचं. ब्राउनी वाइज नावाच्या घटस्फोटित, एकटीने मुलगा वाढवणाऱ्या बाईने ते घरगुती पार्टीत विकून दाखवले, मग टपरने १९५१ मध्ये तिला व्हाइस प्रेसिडेंट केलं आणि माल दुकानांतून काढूनच घेतला. घर न सोडता कमाई, म्हणून नवऱ्याला खटकत नाही आणि हातात चार पैसे स्वतःचे. १९५४ मध्ये एका बड्या बिझनेस साप्ताहिकाच्या कव्हरवर वाइज झळकली, तिथे येणारी पहिली बाई. १९५८ च्या सुरुवातीला टपरने तिला काढलं, कंपनीचे शेअर तिच्या नावावर नव्हतेच, आणि त्याच वर्षी त्याने कंपनी विकली.

१३. '१९५५ च्या मासिकातले चांगल्या बायकोचे नियम' असा फॉरवर्ड येतो तो खरा आहे का?

नवरा यायच्या आधी केसात रिबीन बांधा, त्याला प्रश्न विचारू नका वगैरे. ज्या मासिकाचं आणि तारखेचं नाव त्यावर असतं त्याचा मूळ अंक आजवर कुणी दाखवलेला नाही, त्यामुळे पुरावा म्हणून वापरू नका. अशा आशयाचे सल्ले त्या काळात छापून येत होते यात शंका नाही, ते वापरायचे तर खरे शोधून वापरा. मोत्यांची माळ घालून स्वयंपाक करणारी टीव्हीवरची आईसुद्धा अशीच फसवते. त्या नटीच्या गळ्यापाशी खळगा होता, कॅमेऱ्यात सावली पडायची म्हणून माळ.

१४. तेव्हा घटस्फोट कमी होते, म्हणजे संसार सुखाचे होते ना?

घटस्फोट कमी होते कारण मिळत नव्हते. युद्धातली घाईची लग्नं मोडली तेव्हा १९४६ मध्ये सहा लाखांच्या वर घटस्फोट झाले, नंतर दर खाली आला. पण कायदा असा की एकाचा दोष सिद्ध झाला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये १९६६ चा कायदा येईपर्यंत व्यभिचार हे एकच कारण चालायचं, म्हणून नवरा हॉटेलात भाड्याच्या बाईबरोबर फोटो काढून घ्यायचा आणि कोर्टात सादर करायचा! ज्यांच्याकडे पैसे ते नेवाडात रीनो गावी सहा आठवडे राहून रहिवासी व्हायचे आणि मोकळे होऊन परतायचे. दोष न दाखवता घटस्फोट देणारं पहिलं मोठं राज्य कॅलिफोर्निया, १९७० पासून.

सुखाचं म्हणाल तर १९५५ मध्ये मिलटाउन नावाची मन शांत करणारी गोळी आली आणि बघता बघता देशात सगळ्यात जास्त खपणाऱ्या औषधांत गेली. गिऱ्हाईक सगळेच होते, अधिकारी, नट, गृहिणी. यावरून प्रत्येक बाई दुःखी होती असं म्हणता येणार नाही, पण सगळं छान चाललं होतं असंही.

१५. आत्तापेक्षा तेव्हाच्या मुली वळणाच्या होत्या असं म्हणतात.

१५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे १९५७ मध्ये ९६ बाळंतपणं झाली, अमेरिकेतला आजवरचा उच्चांक. आज हा आकडा १५ च्याही खाली आहे. फरक एवढाच की तेव्हाच्या बहुतेक मुलींचं लग्न झालेलं असायचं, काहींचं दिवस गेल्यावर घाईघाईने लावलेलं. ज्यांचं लावता यायचं नाही त्यांना 'मावशीकडे गेलीय' सांगून कुमारी मातांच्या आश्रमात ठेवायचे, बाळंतपण झालं की बाळ दत्तक, आणि घरात पुन्हा त्याचा उल्लेख नाही. हे गोऱ्या घरांत जास्त. काळ्या मुलींना ते आश्रम सहसा घेतच नव्हते, त्यांची बाळं आज्यांनी वाढवली.

गर्भनिरोधक गोळीला १९६० मध्ये परवानगी मिळाली, पण कनेक्टिकटमध्ये नवराबायकोनेही गर्भनिरोधक वापरणं १९६५ पर्यंत गुन्हा होता. अविवाहितांना देशभर हक्क मिळाला तो १९७२ मध्ये.

१६. बेटी फ्रीडनच्या पुस्तकाने बायकांना जागं केलं, बरोबर?

अर्धं बरोबर. १९५७ मध्ये तिने स्मिथ कॉलेजच्या आपल्या बॅचच्या मैत्रिणींना प्रश्नावली पाठवली, शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या, आणि आतून पोखरलेल्या. त्यातून १९६३ चं 'द फेमिनिन मिस्टिक' हे पुस्तक आलं आणि हजारो बायकांनी तिला पत्रं लिहिली की हे माझंच आहे. ती ताकद नाकारता येत नाही. पण ती स्वतःला साधी सबर्बन गृहिणी म्हणवायची ते पुरतं खरं नव्हतं, आधी बरीच वर्षं ती कामगार युनियनच्या पेपरात पत्रकार होती. आणि ज्या बायका आधीपासूनच राबत होत्या (प्रश्न ११) त्यांना 'घराबाहेर पडा' सांगून काय उपयोग, हा आक्षेप बेल हुक्स या काळ्या लेखिकेने १९८४ मध्ये सणसणीत मांडला.

कायद्याची बाजूही विसरू नका. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यात 'लिंग' हा शब्द व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथ या खासदाराने घातला, जो काळ्यांच्या हक्कांच्या विरोधात होता. ज्या आयोगाने कायदा राबवायचा तो बायकांच्या तक्रारी गांभीर्याने घेईना, वेगळ्या कॉलमातल्या जाहिरातीही थांबवेना. त्या रागातून १९६६ मध्ये नाऊ ही बायकांच्या हक्कांसाठीची संघटना निघाली, फ्रीडन तिच्यात होती आणि काळी वकील पॉली मरेही.

१७. या गृहिणी राजकारणात काहीच करत नव्हत्या का?

हा माझा आवडता प्रश्न. अणुचाचण्यांमधून पडणारं स्ट्रॉन्शियम ९० हे किरणोत्सर्गी द्रव्य गवतावर, तिथून गाईच्या दुधात, तिथून मुलांच्या हाडात जातं असं शास्त्रज्ञ म्हणत होते, पण सिद्ध कसं करणार? १९५८ च्या शेवटी सेंट लुइसमध्ये डॉ. लुईस रीस यांच्या देखरेखीखाली मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात झाली. आयांनी दात पाकिटात घालून, सोबत फॉर्म भरून पाठवायचा, म्हणजे गरोदरपणी कुठे राहत होता, बाळाला कुठलं दूध पाजलं, आणि पोराला बदल्यात 'मी माझा दात विज्ञानाला दिला' असं लिहिलेला बिल्ला. पुढे तीन लाखांच्या आसपास दात जमले. चाचण्या वाढल्या त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम कितीतरी पटीने जास्त निघालं.

१ नोव्हेंबर १९६१ ला विमेन स्ट्राइक फॉर पीसच्या हाकेवर अनेक शहरांत हजारो बायका एका दिवसापुरतं घरकाम सोडून रस्त्यावर आल्या. पुढच्या वर्षी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी समितीने त्यांना चौकशीला बोलावलं तर प्रेक्षकांत बायका तान्ही पोरं घेऊन बसल्या आणि साक्ष द्यायला उठणाऱ्या प्रत्येकीला फुलं देत होत्या. समितीची चांगलीच फजिती झाली. आई असणं हेच त्यांनी ढाल म्हणून वापरलं. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या थांबवणारा करार झाला, श्रेय एकट्या त्यांचं नाही पण वाटा आहे.

१८. निक्सन आणि ख्रुश्चेव्ह किचनवरून भांडले होते ते काय?

जुलै १९५९, मॉस्कोतलं अमेरिकन प्रदर्शन. पिवळ्या रंगाच्या मॉडेल किचनसमोर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन सांगतायत की आम्ही आमच्या गृहिणींचं जगणं सोपं करतो, आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह म्हणाले की बायकांकडे बघायची ही भांडवलशाही नजर आमच्याकडे चालत नाही. दोघांनीही कुठल्या बाईला विचारलं नाही. मशीनमुळे जगणं किती सोपं झालं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

१९. या काळात तिकडे मराठी बायका होत्या का? आनंदीबाई जोशी यातच येतात का?

आनंदीबाई नाही, त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हा काळ त्यानंतर साठ वर्षांनी सुरू होतो. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा दिला, त्यामुळे आपले लोक मोजकेच, बहुतेक विद्यार्थी. १९६५ चा इमिग्रेशन कायदा १९६८ मध्ये पूर्ण लागू झाला तेव्हापासून इंजिनियर आणि डॉक्टर जायला लागले आणि बायका त्यांच्या पाठोपाठ. म्हणजे मराठी संसार तिकडच्या सबर्बात मांडला गेला तोवर तिथल्या बायका नोकरीसाठी बाहेर पडायला लागल्या होत्या.

२०. '१९७४ पर्यंत अमेरिकन बाईला बँकेत खातंसुद्धा उघडता येत नव्हतं' हे खरं का?

असं सरसकट नाही. बचत खातं बायका खूप आधीपासून उघडत होत्या. अडत होतं ते उधारीवर, म्हणजे लोन, क्रेडिट कार्ड, दुकानातलं खातं. लग्न झालेली असेल तर नवऱ्याची सही, घराच्या लोनसाठी बायकोचा पगार निम्माच धरायचा किंवा धरायचाच नाही कारण 'उद्या मूल झालं तर', आणि नवरा वारला किंवा घटस्फोट झाला की वीस वर्षं वेळेवर फेडलेले हप्ते सगळे त्याच्या नावावर, हिची पत शून्य. हे १९७४ च्या समान कर्ज कायद्याने बंद केलं.

मालमत्तेचे नियम राज्यागणिक वेगळे आणि सगळ्यात टोकाचं लुइझियाना. तिथे नवरा हा 'कुटुंबप्रमुख आणि मालक' असं कायद्यातच लिहिलेलं, दोघांच्या मिळकतीचे व्यवहार तो एकटा करू शकायचा. १९७४ मध्ये तिथल्या एका नवऱ्यावर स्वतःच्या मुलीशी दुर्वर्तन केल्याचा आरोप झाला, तक्रार बायकोनेच केली होती. वकिलाची फी द्यायला त्याने दोघांचं राहतं घर त्याच वकिलाकडे गहाण टाकलं, बायकोला न विचारता, न सांगता. तिला कळलं ते वकील वसुलीला आला तेव्हा. ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढली आणि १९८१ मध्ये जिंकली, तोवर लुइझियानाने कायदा बदललाही होता, पण जुन्या गहाणखताचं काय हा प्रश्न उरला होता आणि कोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं.